ओळीतला पांगुळगाडा

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी होती. वाईजवळच्या आमच्या गावात आई म्हणायची, ही पोरगी एका जागी बसलेली दिसली की आधी ताप बघावा. लग्न होऊन माधवनगरला आले आणि त्या भिंगरीला फिरायला जागाच उरली नाही. एक खोली, पुढं पडवी, तिला लागून दुसऱ्याची पडवी, अशी गिरणी कामगारांच्या खोल्यांची लांब ओळ. मालक, म्हणजे माझा नवरा, गिरणीत मागावर होते. लढाईचे दिवस, तिन्ही पाळ्या चालू, त्यामुळं दिवसा कधीही बघा, ओळीत कुणी ना कुणी रातपाळी करून झोपलेलं असायचं. बायकांनी हळू बोलायचं, भांडी हळू घासायची आणि पोरांनीही जमलं तर हळूच रडायचं, असा तिथला कायदा होता.

बाळाच्या उष्टावणाला आईनं वाईहून लाखेच्या रंगाचा खुळखुळा पाठवला. लाल-पिवळ्या रेघांचा, धरायला बारीक दांडी. बाळानं तो पहिल्यांदा वाजवला आणि पलीकडून भिंतीवर बुक्की बसली. रातपाळीवाला जागा झाला होता. मी खुळखुळा डब्यात टाकला आणि त्या दिवसापासून मुकी खेळणी शोधायला लागले. चिंध्यांचे राघू शिवून पाळण्यावर टांगले. वाऱ्यानं ते फिरायचे आणि बाळ डोळ्यांनी त्यांच्यामागं फिरायचं. मालकांनी मुकादमाला विचारून गिरणीतल्या मोडक्या कांड्या आणल्या. कांडी म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी नळी. मी त्या उकळून घेतल्या, कडा घासल्या आणि नाडीत ओवून माळ केली. पुढं एक निकामी धोटाही घरात आला. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. त्याची लोखंडी टोकं मालकांनी काढून टाकली आणि उरलं ते गुळगुळीत लाकूड बाळाच्या दोन्ही हातांत बरोबर बसलं.

कुठलंही खेळणं बाळाला देण्याआधी मी स्वतःच्या तोंडात घालून बघायची. रंग सुटतो का, कुसळ टोचतं का, तुकडा निघतो का. मालक हसायचे, म्हणायचे, तुझंच उष्टावण रोज चाललंय. हसू देत. मला घाई होती. पोरानं लवकर पालथं पडावं, लवकर रांगावं, ओळीतल्या सगळ्या पोरांच्या आधी उभं राहावं. कांड्यांची माळ मी त्याच्यापासून हातभर लांब ठेवायची. तो सरकत तिथं पोचला की उचलून आणखी लांब. आता आठवलं की वाटतं, बिचाऱ्याला एक खेळणं निवांत मिळालं नाही. पण तो चिवट होता, पोचायचाच. वर्षाचा व्हायच्या आत तो भिंत धरून उभा राहिला आणि मी पडवीत जाऊन ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

तेव्हा आमच्याकडे पांगुळगाडा आला. सगळ्या ओळीत मिळून एकच गाडा होता. तीन चाकं, धरायला आडवा दांडा आणि खाली पुढच्या बाजूला एक रुंद फळी. फळीवर चिंधीत गुंडाळलेली वीट ठेवायची, म्हणजे गाडा सुसाट पुढं जात नाही आणि पोर तोंडावर आपटत नाही. गाडा कुणाच्या मालकीचा नव्हता. ज्या घरचं मूल उभं राहायला लागलं त्या घरी तो यायचा. मूल चालायला लागलं की त्यानं स्वतः तो ढकलत पुढच्या मुलाच्या घरी न्यायचा. उंबऱ्यावरून आईनं उचलून द्यायचा, बाकीची वाट मुलाची. त्या घरची बाई दारात विचारायची, "कसं आलं लेकरू?" आई म्हणायची, "चालत आलं," आणि लेकराच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. या रीतीला एक दुसरी बाजूही होती. मूल चालायच्या आधी गाडा घरातून काढला तर ते मूल बसूनच राहतं, असं सगळी ओळ मानायची. मीही मानायची.

आमच्याकडे गाडा घेऊन आलेल्या पोराला मी भला मोठा गुळाचा खडा दिला. माझ्या पोराला तो फार दिवस लागणार नाही, असं मी हसत म्हणालेसुद्धा.

पावसाळा सरता सरता बाळाला ताप आला. अंग भाजत होतं. उतरला तेव्हा आम्ही नारळ फोडला. मग एका सकाळी मी त्याला भिंतीशी उभा केला आणि तो खाली बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. मला वाटलं अशक्तपणा असेल. मी त्याचा उजवा पाय हातात घेतला तर तो माझ्या हातात नुसता पडून राहिला. दुसरा पाय लाथा मारत होता, हा गप्प होता.

मिरजेला दाखवून आलो. डॉक्टरांनी पाय हलवून, टोचून बघितला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की या पायात पुन्हा जोर येणं कठीण आहे. रोज चोळत जा म्हणाले, आणि हातांना भरपूर खेळणी द्या म्हणाले. परतीच्या वाटेवर मी मालकांशी भांडले. ते काही बोललेच नव्हते, तरी भांडले. हातांना खेळणी द्या म्हणजे काय? माझ्या पोराचे हात धडधाकट होते. मला पायाचं औषध हवं होतं आणि ते आमच्या पडवीत तीन चाकांवर उभं होतं. रोज गाडा धरायला लावला की पाय आपोआप शिकेल, असं मी मनाशी पक्कं ठरवलं.

त्यानंतरचे महिने मला धड आठवत नाहीत. आठवते ती फक्त धावपळ. सकाळी चूल पेटवायच्या आधी तेल गरम करायचं, पाय चोळायचा, पोराला गाड्याशी उभं करायचं. तो लोंबकळायचा. मी जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या छातीखालून घेऊन दांड्याला बांधायची आणि मागून गाडा सरकवायची. एक पाय पुढं पडायचा, दुसरा फरशीवरून घासत यायचा. त्याच्या बोटांना चरे पडले. मग मी चिंध्यांचा मोजा शिवला. भाकरी थापताना, पाणी भरताना, निवडताना माझं लक्ष त्या पायाकडे. कधी अंगठा हलल्यासारखा वाटायचा, हातातलं टाकून धावायची. बघते तो वाऱ्यानं मोजा हललेला.

आमिषंही लावली. धोटा दांड्याच्या पुढं दोरीनं टांगला, म्हणजे तो धरायला तरी पोर पाऊल टाकेल. नाही टाकलं. शेवटी डब्यातला खुळखुळा काढून चाकाला बांधला. चाक फिरलं की वाजायचा. पलीकडून भिंतीवर बुक्की बसली. मी पळीनं उलट दोन ठोकल्या. झोपलेल्या माणसाची झोप माझ्या पोराच्या पायापेक्षा मोठी नव्हती. मालक रातपाळीहून येऊन डोक्यावर पांघरूण ओढून पडायचे. त्यांना झोप लागत नव्हती हे मला कळायचं, पण तेव्हा त्यांच्यासाठी थांबायलाही मला वेळ नव्हता. गावाकडून कुणी आलं की पोर चालायला लागलं का विचारायचं. मी म्हणायची, पाऊल टाकतंय.

पोराला गाडा आवडत नव्हता. पट्टी दिसली की तो ओठ काढायचा. सोडला की हातांवर जोर देऊन, बसूनच सरकत कोपऱ्यात जायचा आणि कांड्या घेऊन बसायचा. एकावर एक उभ्या करायच्या, पाडायच्या, पुन्हा करायच्या. नाडीतून सगळ्या काढून पुन्हा ओवायच्या. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मी पायच बघत होते. त्याचे हात कुठवर गेले होते ते माझ्या ध्यानातच येत नव्हतं.

आमच्या डाव्या हाताच्या खोलीत जतकडची एक बाई राहायची. मेंढरांमागं वाढलेली. पाऊस नाही, चारा नाही म्हणून नवऱ्याबरोबर गिरणीकडे आलेली. मला अक्का म्हणायची. तिची मुलगी आमच्या बाळापेक्षा लहान, आणि गाड्याची पुढची पाळी तिची. बघता बघता ती पोरगी बसायला लागली, रांगायला लागली, एक दिवस पडवीचा खांब धरून उभी राहिली. मी ते बघितलं आणि आत येऊन दार लोटून घेतलं.

गाडा कुणी सरळ मागत नव्हतं. मागितला असता तर भांडता तरी आलं असतं. नळावर गेलं की बोलणं थांबायचं. ओळीच्या टोकाच्या खोलीत एक म्हातारी आत्याबाई होत्या, त्यांची नात आता महिन्या-दोन महिन्यांत उभी राहणार होती. त्या नुसत्या आमच्या पडवीतल्या गाड्याकडे बघून पुढं जायच्या. शेवटी मीच जतच्या बाईला टोचून म्हणाले की तुझ्या पोरीचं अडलंय, बोलत का नाहीस. ती पोरीला कडेवर सावरत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की अक्का. आमच्या रानात कुठलं गाडं? मेंढराची शेपूट धरून आमी चाललो."

कुणी समजुतीनं घेतलं की माझा राग उलट वाढतो. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला त्या दिवशी जेवण गेलं असतं.

पण पोरीला कुठं रीतभात? ती रांगत आमच्या पडवीत यायला लागली. यायची ती थेट गाड्याशी. दांडा धरायची, गुडघे वाकवून उठायची. मी तिला उचलून तिच्या दारात ठेवायची, ती पुन्हा यायची. माझा पोरगा तिला बघून कांड्या वाजवायचा. तो इतका खूष मला महिन्यांत दिसला नव्हता, आणि तेही मला सोसत नव्हतं.

एक दिवस दुपारी मी गाड्यावरची वीट काढली होती. चुलीची एक बाजू खचली होती, तिथं टेकू लावत होते. मागं धप्प आवाज झाला. पोरगी गाडा धरून उठली होती आणि वजन नसलेला गाडा तिच्या हातून निसटून पुढं गेला होता. ओठ फुटला, रक्त आलं. मी तिला उचलली, पाणी लावलं, उगी केली आणि तिला खाली ठेवून वीट आणायला आत गेले. विटेवरची राख झटकत बाहेर येते तो माझा पोरगा सरकत गाड्यापाशी गेलेला. त्यानं एका हातानं दांडा धरला, दुसरा फळीवर टेकला आणि हातांच्या जोरावर अंग उचलून फळीवर जाऊन बसला. वीट ठेवायच्या जागी. पोरगीनं डोळे पुसायच्या आधीच दांडा धरला. गाडा हलला. हळू, जड, जसा हलायला पाहिजे तसा. ती पाऊल टाकत होती आणि तो पुढं तोंड करून बसला होता, आणि दोघंही हसत होती.

जतची बाई तिच्या दारात उभी होती. तिच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक. मी विचारलं, "माझं प्वार काय वीट हाय व्हय?"

तिचं हसू गेलं. मी पुढं होऊन पोराला फळीवरून उचलला. आणि तो ओरडला. महिनोन्‌महिने मी त्याला गाड्याला बांधत होते तेव्हा तो सुटायला रडायचा. आज तो गाड्याकडे हात करून, पाठ ताणून, माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत रडत होता. दोन खोल्यांतले झोपलेले पुरुष उठून दारात आले. मालकही उठले. मी पोराला घट्ट धरून उभी होते आणि तो माझ्या हातात मावत नव्हता.

मालकांनी त्याला माझ्याकडून घेतला. गाड्यापाशी गेले, त्याला फळीवर बसवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. पोरगी आईच्या लुगड्यामागून बाहेर आली. मी आत गेले आणि पाठ करून चूल सारवायला घेतली. पडवीत चाकं करकरत होती, चाकाला बांधलेला खुळखुळा वाजत होता आणि त्या दिवशी भिंतीवर कुणी बुक्की मारली नाही.

त्यानंतर रोजच ते सुरू झालं. मी पट्टी घेऊन बसायची, पोर माझ्याकडे बघायचंच नाही, त्याचे कान शेजारच्या दाराकडे. तो फळीवर बसून पोरीला हुकूम सोडायचा. कांड्या मांडीत घेऊन बसायचा आणि वाटेत एकेक खाली टाकायचा, परत येताना वाकून उचलायचा. त्यानं पहिल्यांदा बघितलं असेल की पडवी संपते तिथं नळ आहे, नळापलीकडे बाभूळ आहे आणि बाभळीखाली कुत्री पिलं घेऊन निजते. रात्री जेवताना तो ते सगळं मालकांना सांगायचा. अर्धे शब्द त्याचे, अर्धे हातवारे. मी भाकरी वाढत ऐकायची. राग येत होता, रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. यातलं कुठलंही एक मला बसू देत नव्हतं.

पोरगी चालायला लागली. गाडा सोडून चार पावलं टाकून ती माझ्या पोराच्या पुढ्यात येऊन बसली आणि तोच आधी ओरडला. मग सगळ्या ओळीला कळलं. आता रीतीप्रमाणं गाडा आत्याबाईंकडे जायला पाहिजे होता. पण तो होता आमच्या घरी, आणि आमच्या घरचं मूल चाललं नव्हतं. दिवस गेले. जतची बाई एका सकाळी आमच्या उंबऱ्याबाहेर बसली. पोरीच्या पायातली वाळ्यांची जोडी नीट करत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "गाडा तुमच्या घरचा हाय अक्का. तुमी म्हनाल तवाच जाईल. न्हाई म्हनाल तर न्हाई."

मी उठले. बसून विचार करायचा माझा स्वभावच नाही, आणि बसले असते तर उठले नसते. पोराला धुतलेलं अंगडं घातलं, काजळ लावलं, त्याला रात्री आत घेतलेल्या गाड्याच्या फळीवर बसवला. त्याच्या मांडीवर धोटा दिला. मग गाडा दोन्ही हातांनी धरला आणि पोरासकट उंबऱ्यावरून उचलून बाहेर ठेवला. गाडा जड नव्हता. पोर जड होतं. माझ्या पाठीत सणक भरली ती पुढं कितीतरी दिवस गेली नाही.

पोरगीनं दांडा धरला. पडव्यांतून बायका उभ्या राहिल्या. पोरगी थांबत, दम खात ढकलत होती आणि माझा पोरगा प्रत्येक दारातल्या बाईकडे हात करत होता, वरातीत बसल्यासारखा. टोकाच्या खोलीपाशी आत्याबाई गुळाचा डबा घेऊन दारात होत्या. त्यांनी पोरीकडे बघून विचारलं, "कसं आलं लेकरू?"

"चालत आलं," जतची बाई म्हणाली. पोरीच्या हातावर गूळ पडला.

आता आत्याबाईंनी नुसतं माझ्या पोराच्या हातावरही गूळ ठेवला असता तरी चाललं असतं. मला वाटतं सगळ्या ओळीला तेच हवं होतं. पण त्या जुन्या माणूस, दारात दोन लेकरं आली तर दोघांचं विचारायला पाहिजे. त्या माझ्याकडे वळल्या आणि तसंच विचारलं, "हे कसं आलं?"

गावाकडच्या माणसांना इतके दिवस मी पाऊल टाकतंय म्हणत होते. ते शब्द तोंडाशी आले होते. पोरगा मान वर करून माझ्याकडे बघत होता, हात पुढं करून, गुळासाठी.

"बसून आलं," मी म्हणाले. तोवर मी हे कुणाशीही बोलले नव्हते, मालकांशीसुद्धा नाही.

आत्याबाईंनी खडा पोराच्या हातावर ठेवला. पोरीला दिला होता तेवढाच. मग गाडा त्यांच्या पडवीत राहिला आणि पोराला फळीवरून काढायची वेळ आली. त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. एकेक बोट सोडवावं लागलं. कडेवर घेऊन मी ओळीतून परत निघाले आणि तो सगळी वाट मागं बघत होता. रडत नव्हता. रडला असता तर मी त्याला गप्प करण्यात गुंतले असते. घरी येऊन बघते तर पडवी एवढी मोकळी की मला तिथं उभं राहवेना. मी त्याला मालकांच्या मांडीवर टाकला आणि तशीच बाहेर पडले.

गिरणीमागच्या वस्तीत एक सुतार होता. गिरणीचं काम करून उरल्या वेळात पाळणे, पाट, पोरांचे गाडे करायचा. त्याला मी सांगितलं, मला पांगुळगाडा नको, बसायची गाडी पाहिजे. खाली रुंद पाट, चार चाकं, हातांनी ढकलता येईल अशी. त्यानं कोपऱ्यातून खोक्याच्या पातळ फळ्या काढल्या आणि म्हणाला, पोरांच्या खेळण्याला हलकंच लाकूड बरं, सहा महिन्यांत पोर चालायला लागतं आणि गाडी अडगळीत पडते.

"हलकं नगं," मी म्हणाले. "सागाचं घाला. त्याला ती लय वर्सं लागनार हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. कुठल्या खोलीतली, कुणाची, हे त्याला कळलं असावं. त्यानं पातळ फळ्या परत भिंतीला लावल्या, कानावरची पेन्सिल काढली आणि जमिनीवर गाडीचं माप आखलं. मग ते पायानं पुसून पुन्हा आखलं.

"मग जरा रुंद करतो," तो म्हणाला. "प्वार वाढंल की."

मी हो म्हणाले, आणि तो पहिली फळी कापेपर्यंत तिथंच बसून राहिले.